तीन वेळा वसलेले गाव



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजधान्या येतात, तख्ते येतात, लढाया येतात. आज मी ज्या गावाची हकीकत सांगणार आहे, तेथे यांपैकी काहीच नाही. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील इंडियाना राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, वाबाश नदीच्या काठी, न्यू हार्मनी नावाचे एक खेडे आहे. त्याची वस्ती आज सातशेच्या आसपास आहे. आपल्याकडे एवढ्या वस्तीला कोणी बाजारपेठही म्हणणार नाही. तरीही कामगार चळवळीचा इतिहास वाचू लागलेल्या माणसाला हे नाव ओलांडून पुढे जाता येत नाही. रॉबर्ट ओवेन या गिरणीवाल्याने १८२५ साली येथे समतेचा प्रयोग मांडला आणि १८२७ साली तो मोडला. तेव्हापासून सामुदायिक मालकीचा विषय निघाला की विरोधक या प्रयोगाकडे बोट दाखवीत आले आहेत. ‘मजुरांनी एकत्र येऊन काही चालवावे, हे त्यांना झेपणारे नाही,’ हा टोमणा मीही गेली पंचवीस-तीस वर्षे ऐकत आलो आहे. म्हणून हे गाव नीट पाहावेसे वाटले. येथे मोडले ते नेमके काय, आणि काही टिकले असेल तर ते कोणाच्या हातांनी, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

अमेरिकेतील लहान गावांचा इतिहास बहुधा ‘पहिला वसाहतवाला’ येथून सुरू होतो. अमक्या साली अमका आला, त्याने झाडे तोडली, ओंडक्यांचे घर बांधले, की गाव सुरू झाले! न्यू हार्मनीत असे सांगण्याची सोयच नाही. तेथील जुन्या कबरस्तानात मातीचे उंचवटे आहेत. ते युरोपियन माणसाचे पाऊल पडण्याच्या शेकडो वर्षे आधी तेथील मूळच्या लोकांनी उभारले. पुढे वाबाश आणि ओहायो या नद्यांमधल्या या प्रदेशात पियांकशॉ व डेलावेअर हे लोक राहत. १८०४ साली विल्यम हेन्री हॅरिसन या गव्हर्नराने त्यांच्याशी तह करून हा मुलूख लिहून घेतला. मग सरकारी जमीन-कचेरीतून तीच जमीन एकराला दोन डॉलर या किमान भावाने विकावयास निघाली. पुढे या गावात समतेच्या पुष्कळ गोष्टी झाल्या. परंतु त्या कोणत्या जमिनीवर झाल्या, हे आधी सांगून ठेवलेले बरे.

या जमिनीवर १८१४ साली जे लोक आले ते जर्मन होते. व्युर्टेंबर्ग प्रांतातील योहान गेओर्ग राप हा विणकर त्यांचा गुरू. तेथील राजमान्य चर्चशी त्याचे पटेना. येशूचे पुनरागमन अगदी जवळ आले आहे, अशी त्याची श्रद्धा. १८०३ साली तो अमेरिकेत आला आणि मागोमाग शेतकरी व कारागीर असे त्याचे शेकडो अनुयायी आले. १८०५ साली त्यांनी पेनसिल्व्हेनियात आपली संस्था रीतसर स्थापन केली. प्रत्येकाने आपली मालमत्ता संस्थेला द्यायची, वेतन घ्यायचे नाही, संस्थेने सर्वांचे अन्नवस्त्र आणि म्हातारपण पाहायचे, असा करार होता. थोड्याच वर्षांत त्यांनी ब्रह्मचर्यही पत्करले. या हार्मनिस्ट मंडळींनी पुढे वाबाशच्या काठी सुमारे वीस हजार एकर जमीन मिळवली आणि दहा वर्षांत तेथे दीडशेहून अधिक इमारती उभ्या केल्या.

हे काम सुखासुखी झालेले नाही. नदीकाठ दलदलीचा होता. हिवतापाने पहिल्या एकदोन वर्षांतच शंभराहून अधिक माणसे गेली. त्या कबरस्तानात त्यांच्या सुमारे २३० कबरी आहेत आणि एकीवरही नाव नाही. मेल्यानंतर तरी लहानमोठेपणा नको, ही त्यामागची भावना. जिवंतपणी मात्र हे लोक विलक्षण कामसू. घरांच्या तुळया आणि खांब एके ठिकाणी मापात कापून, त्यांवर खुणेचे आकडे घालून, मग ते जागेवर नेऊन जोडीत. थंडी आत येऊ नये म्हणून भिंतींत आणि तक्तपोशीत गवत व चिखल गुंडाळलेल्या लाकडी पट्ट्या भरीत. लोकर, कापूस, कातडे, दोर, टोप्या, मद्य असा त्यांचा माल नदीमार्गे दूरदूरच्या बाजारांत जाई. राप हा गुरू, आणि त्याचा मानसपुत्र फ्रेडरिक राप हा व्यवहार पाहणारा. इंडियानाला राज्याचा दर्जा मिळाला तो १८१६ साली. त्या वर्षी राज्यघटना करणाऱ्या सभेत फ्रेडरिक हा एक प्रतिनिधी होता. एवढ्यावरून या वसाहतीचे वजन ध्यानात येईल.

या भरभराटीत एक गोष्ट मला मोठी बोलकी वाटते. कोणी किती मालमत्ता संस्थेत घातली याची नोंद असलेली वही १८१८ साली जाळून टाकण्यात आली. हेतू असा सांगितला गेला की सर्वांची समता पूर्ण व्हावी. परंतु ज्याची वही जळते त्याचा हक्कही जळतो, हे कोणत्याही गिरणीकामगाराला समजावून सांगावे लागणार नाही. उद्या एखाद्याला संस्था सोडून जावेसे वाटले, तर तो मागणार कशाच्या आधारावर? हार्मनिस्टांच्या गावात उपाशी कोणी नव्हते, बेकार कोणी नव्हते, पण ‘का?’ असे विचारण्याची मुभाही कोणाला नव्हती. रापने सांगितले म्हणून ते इंडियानात आले आणि रापने सांगितले म्हणून दहा वर्षांनी, फुललेले गाव मागे टाकून, पुन्हा पेनसिल्व्हेनियात गेले. हवामान, बाजारपेठांचे अंतर, आजूबाजूच्या लोकांशी बेबनाव अशी कारणे होतीच. तेथे ही संस्था १९०५ साली विसर्जित झाली. ब्रह्मचाऱ्यांच्या संस्थेला वारस कोठून येणार?

त्यांनी सोडलेले गाव जानेवारी १८२५ मध्ये रॉबर्ट ओवेनने विकत घेतले, आणि येथून गावाची दुसरी वसाहत सुरू होते.

ओवेन हा १७७१ साली वेल्समधील न्यूटाउन येथे जन्मला. खोगिरे आणि लोखंडी सामान विकणाऱ्याचा हा मुलगा दहाव्या वर्षी शाळा सोडून कापडदुकानात उमेदवारीला लागला. विशीच्या आसपास तो मँचेस्टरच्या सूतगिरणीचा व्यवस्थापक होता आणि १८०० सालापासून स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क गिरण्यांचा कारभार त्याच्या हाती आला. तेथे सुमारे दोन हजार माणसे, त्यांतली पाचशे मुले अनाथालयांतून आणलेली! ओवेनने दहा वर्षांखालील मुले कामावर घेणे थांबविले, कामाचे तास कमी केले, दुकानात चांगला माल रास्त भावाने मिळेल असे केले, आणि १८१६ साली लहान मुलांसाठी शाळा काढली. एकदा अमेरिकेतून कापूस येणे थांबले तेव्हा त्याने गिरणी बंद ठेवून चार महिने कामगारांना पूर्ण पगार दिला. आणि एवढे करून गिरणीला नफा होत होता. कामगाराला माणसासारखे वागविल्याने धंदा बुडत नाही, हे हिशेबाच्या वह्यांतून सिद्ध करून दाखविणारा हा मालक होता. त्याच्याविषयी बोलताना माझ्या आवाजात आदर आला तर तो दोष मानू नये.

परंतु न्यू लॅनार्कमध्ये सुधारणा ओवेनच्या हुकुमाने होत होती. त्याला सबंध समाज नवा करावयाचा होता, आणि त्यासाठी वाबाशकाठचे बांधलेले गाव आयते मिळाले. १८२५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये वॉशिंग्टन येथे प्रतिनिधिगृहाच्या सभागृहात त्याची दोन व्याख्याने झाली. नूतन अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स श्रोत्यांत होते. परदेशी गिरणीवाल्याने अमेरिकेच्या संसदेच्या घरात उभे राहून खासगी मालमत्तेच्या पलीकडचा समाज मांडावा, ही त्या काळची हवा होती. एप्रिलअखेर तो न्यू हार्मनीत पोचला आणि १ मे रोजी ‘प्राथमिक समाजा’ची घटना मंजूर झाली. थोड्याच दिवसांत आठशेवर माणसे गावात आली. ओवेन स्वतः जूनमध्ये ब्रिटनला परत गेला तो जानेवारी १८२६ पर्यंत आला नाही. गाव सांभाळण्याचे काम त्याच्या विशीतल्या मुलाच्या, विल्यमच्या, आणि एका समितीच्या गळ्यात पडले.

आता अपयशाकडे वळू. लोक आळशी होते, समता मानवी स्वभावाला मानवत नाही, वगैरे कारणे नेहमी सांगितली जातात. मी ज्या गोष्टी ठळक पाहतो त्या अधिक साध्या आहेत.

पहिली गोष्ट, माणसांची निवड झालीच नाही. हार्मनिस्टांनी सोडून दिलेल्या गावात घरे होती, गिरणी होती, रंगशाळा होती, कुंभारवाडा होता. पण ते चालविणारे हात निघून गेले होते. नव्याने आलेल्यांत बोलणारे पुष्कळ आणि कसबी कारागीर व शेतकरी थोडे. साबण, मेणबत्त्या आणि सरस गरजेपेक्षा जास्त तयार होत आणि रंगशाळा व कुंभारवाडा माणसांवाचून बंद पडलेला. संघटनेत नावे भरभर नोंदविणे सोपे असते. कोण काय करणार हे ठरविणे अवघड असते. दुसरे काम पहिल्याच्या आधी करावे लागते, हे या गावाने मोठी किंमत देऊन शिकवले.

दुसरी गोष्ट, जमीन ओवेनच्याच नावावर होती. ५ फेब्रुवारी १८२६ रोजी ‘समतेचा समाज’ म्हणून नवी घटना आली. पण कागदावर समान झालेले लोक ज्या घरात राहत होते, ते घर दुसऱ्याच्या मालकीचे होते. मालकी एकाची आणि जबाबदारी सर्वांची, ही रचना अखेर भांडणावर येते. तशीच ती आली. गावातून निरनिराळे गट फुटून वेगळ्या वसाहती झाल्या. त्यांतल्या एकीचे नाव ‘फैबा-पेवेली’. स्टेडमन व्हिटवेल या वास्तुशिल्पज्ञाने अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांना अक्षरे देऊन गावांची नावे बनविण्याची युक्ती काढली होती, तिचे हे फळ! नाव शास्त्रशुद्ध होते. धान्य मात्र त्याने पिकत नव्हते.

तिसरी गोष्ट बायकांची. सामुदायिक जीवनाने स्त्रीचे ओझे हलके होईल असे आश्वासन होते. प्रत्यक्षात समाजाचे काम वाढले आणि घरचे चुकले नाही. सारा पिअर्स नावाच्या बाई आपल्या कुटुंबासह त्या वेळी गावात होत्या. त्यांची पत्रे पुढे छापली गेली. प्रयोगाचा उत्साह ओसरत कसा गेला, हे त्या पत्रांइतके दुसरीकडे क्वचितच दिसते. पुरुषांनी घटनेची कलमे लिहावीत आणि भांडी कोणी घासावयाची हे कलमात येऊ नये, असे आपल्याकडच्या चळवळींतही काही कमी झालेले नाही.

चौथी गोष्ट सांगताना मन खिन्न होते. प्राथमिक समाजाच्या घटनेत सर्व वयांच्या आणि सर्व प्रकारच्या माणसांना सभासद होता येईल असे म्हटले होते. अपवाद फक्त काळ्या माणसांचा. जरूर पडल्यास त्यांना मदतनीस म्हणून घ्यावे, अशी सोय ठेवली होती. ज्या कापसाच्या धंद्यावर ओवेनची संपत्ती उभी राहिली, तो बराचसा कापूस अमेरिकेच्या दक्षिणेत याच लोकांच्या गुलामीवर पिकत होता. समतेच्या दारावर अशी पाटी लावणाऱ्याला आपण वाईट माणूस म्हणून मोकळे होऊ शकत नाही, कारण तो चांगला माणूस होता. चांगल्या माणसाच्या समतेतही एक उंबरठा राहून जातो. पंक्तिभेद ज्यांनी पाहिला आहे, त्या आपणा लोकांना हे अपरिचित नाही.

४ जुलै १८२६ रोजी, अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला पन्नास वर्षे होत असताना, ओवेनने ‘मानसिक स्वातंत्र्या’चा जाहीरनामा वाचला आणि खासगी मालमत्ता, अंधश्रद्ध धर्म व मालमत्तेवर आधारलेला विवाह या तिन्हींवर एकदम हल्ला चढविला. व्याख्यान जोरदार झाले असणार. पण गावातल्या कोठाराचा हिशेब त्याने जुळला नाही. १८२७ च्या उन्हाळ्यात ओवेन निघून गेला. त्याच्या संपत्तीचा मोठा भाग या गावात बुडाला होता. मायदेशी परतल्यावर मात्र तो मजुरांच्या अधिक जवळ आला. १८३४ साली ब्रिटनमधील कामगारसंघांचा जो मोठा महासंघ स्थापन झाला, त्याचा तो पुढारी होता. आणि १८४४ साली रॉचडेल येथे विणकरांनी जे सहकारी दुकान काढले, त्यांत ओवेनचे अनुयायी होते. आपल्याकडील सहकारी भांडारे ज्या नियमांवर चालतात त्यांचे मूळ त्या दुकानात आहे. ओवेनने वरून दिलेली समता मोडली, तरी त्याच्या विचारातून विणकरांनी आपल्या पैशांनी काढलेले दुकान चालले.

असो. आता तिसरी वसाहत. ही माणसांची कमी आणि पुस्तकांची जास्त आहे.

ओवेनचा या प्रयोगातील भागीदार विल्यम मॅक्लूर हा स्कॉटलंडमध्ये १७६३ साली जन्मलेला व्यापारी. धंद्यात पैसा मिळवून तो भूगर्भशास्त्राकडे वळला. अमेरिकेचा भूगर्भीय नकाशा त्याने १८०९ साली प्रसिद्ध केला. पेस्तालोझीच्या शिक्षणपद्धतीचा तो भक्त होता. हाताने काम करीत शिकावे, पाठांतर कमी करावे, हे त्याचे सूत्र. १८२५-२६ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात पिट्सबर्गहून ‘फिलान्थ्रॉपिस्ट’ नावाची होडी ओहायो नदीतून निघाली आणि वाटेत बर्फात अडकली. तिच्यात मॅक्लूरबरोबर कीटकशास्त्रज्ञ टॉमस से, फ्रेंच चित्रकार व निसर्गशास्त्रज्ञ शार्ल-अलेक्सांद्र लस्यूर, शिक्षिका मारी फ्रेतजो अशी मंडळी होती. लोक तिला ‘विद्येने भरलेली होडी’ म्हणू लागले.

ओवेन आणि मॅक्लूर यांचे पुढे पैशांवरून जाहीर भांडण झाले. पण ओवेन गेला तरी ही होडीतली माणसे लगेच गेली नाहीत. से याने येथेच राहून शिंपल्यांवरील आपला ग्रंथ लिहिला. तो १८३० पासून याच खेड्यातल्या छापखान्यात छापला गेला आणि त्याची बहुतेक चित्रे त्याची पत्नी ल्यूसी हिने काढली. ओवेनचे चार मुलगेही अमेरिकेतच राहिले. डेव्हिड डेल ओवेन १८३७ साली इंडियानाचा पहिला राज्यभूगर्भशास्त्रज्ञ झाला, आणि संघसरकारच्या पाहण्यांचे काम तो याच गावातून करी. रॉबर्ट डेल ओवेन संसदेत गेला. स्मिथ्सोनियन संस्था स्थापन करणाऱ्या कायद्याच्या कामात त्याचा मोठा वाटा होता. विवाहित स्त्रियांचे मालमत्तेचे हक्क आणि सार्वजनिक शाळा यांसाठी तो इंडियानात झगडला, आणि सप्टेंबर १८६२ मध्ये गुलामांच्या मुक्ततेसाठी त्याने लिंकनला पत्र लिहिले. बापाच्या घटनेत जो उंबरठा होता, तो मुलाने ओलांडला.

मॅक्लूर प्रकृतीमुळे मेक्सिकोत राहिला. ज्ञान हीसुद्धा मालमत्ता आहे आणि श्रम न करणाऱ्यांनी ती अडवून धरली आहे, असे त्याचे मत होते. १८३८ साली त्याच्या देणगीतून न्यू हार्मनीत ‘वर्किंग मेन्स इन्स्टिट्यूट’ निघाली. हाताने काम करून पोट भरणाऱ्यांची ही संस्था. त्यांनीच सभासद व्हावे, त्यांनीच ग्रंथालय चालवावे, त्यांनीच व्याख्याने करवावीत. पहिली जागा हार्मनिस्टांच्या जुन्या प्रार्थनामंदिरात मिळाली. १८४० साली मॅक्लूर वारला. त्याच्या मृत्युपत्रात अशी तरतूद होती की ज्या मजूरमंडळाने निदान शंभर पुस्तके जमविली असतील, त्याला पाचशे डॉलर द्यावेत. वारसांशी वाद झाला, वर्षे गेली. पण अखेर इंडियानात १४४ आणि इलिनॉयमध्ये १६ मंडळांना ही रक्कम पोचली.

या १६० मंडळांचे काय झाले? जवळजवळ सर्व नाहीशी झाली. काही ठिकाणी पाचशे डॉलरांसाठीच घाईने पुस्तके गोळा केली गेली, आणि पैसा आला तशी मंडळे विरली. म्हणजे दानही एकटे पुरत नाही. न्यू हार्मनीतली संस्था मात्र टिकली. १८९४ साली तिला स्वतःची विटांची इमारत झाली. त्यासाठी पैसा देणाऱ्यांत डॉक्टर एडवर्ड मर्फी प्रमुख. तो गावात पोरका मुलगा म्हणून आला होता आणि तेथेच वाढला. आजही ती इमारत सार्वजनिक ग्रंथालय आणि संग्रहालय म्हणून चालू आहे. इंडियानात अखंड चालत आलेले इतके जुने सार्वजनिक ग्रंथालय दुसरे नाही. माझे स्वतःचे सर्व शिक्षण कामगारवस्तीतल्या एका वाचनालयात, रात्रपाळी नसेल त्या संध्याकाळी झाले. त्यामुळे या इमारतीची हकीकत मला अभ्यासाची बाब राहिली नाही, हे मान्य करतो.

तर श्रोतेहो, या गावाने दिलेली साक्ष अशी आहे. रापच्या वसाहतीत शिस्त होती, सुबत्ता होती. पण निर्णय एकाचा होता, आणि तो उठून गेला तसे गावही उठले. ओवेनच्या वसाहतीत विचार मोठा होता. पण जमीन त्याची, घटना त्याची, आणि अनुपस्थितीही त्याचीच. इन्स्टिट्यूटच्या मागेही एका श्रीमंताचा पैसा होता, हे मी लपवीत नाही. फरक एवढाच की मॅक्लूरने चाव्या मजुरांच्या हाती दिल्या, आणि त्या मजुरांनी, त्यांच्या मुलांनी, नातवांनी पुस्तकांवरची धूळ झटकण्याचे काम सोडले नाही. मजुरांना काही चालविता येत नाही असे म्हणणाऱ्याने न्यू हार्मनीचे नाव घ्यावे, अवश्य घ्यावे. फक्त १८२७ सालाशी थांबू नये.

हार्मनिस्टांचे विटांचे प्रार्थनामंदिर १८७४ साली पाडण्यात आले. त्याच विटांची भिंत त्यांनी आपल्या कबरस्तानाभोवती घातली. त्या भिंतीच्या आत २३० निनावी कबरी आहेत, आणि त्यांच्याही आधीच्या लोकांचे मातीचे उंचवटे आहेत. ‘पहिला वसाहतवाला कोण?’ या प्रश्नाचे याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.